कडी न वाजवता घुसलेली बाई

भुताचा चेहरा पडद्यावर आला आणि अख्खी टॉकीज खो खो हसली.

मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. सिनेमाचा साऊंड माझा होता. शूटिंगच्या वेळी आवाज टिपायचे आणि नंतर ते चित्रावर बसवायचे, हे माझं काम. दाराची करकर मी केलेली, किंकाळीही मीच बसवलेली. हसू तेवढं लोकांनी फुकट दिलं. शेजारी दिग्दर्शक वैशाली होती. आमच्याच बोथ तालुक्यातल्या कापूसवाल्या घरातली पोरगी, पहिलाच सिनेमा. समोरच्या खुर्चीची पाठ तिने घट्ट धरून ठेवली होती.

हा दुपारचा ट्रायल शो होता. रिलीजच्या आधी साध्या प्रेक्षकांना सिनेमा दाखवून अंदाज घेतात, तो. निर्माते हैदराबादहून मुद्दाम आले होते. बाहेर आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, ये हॉरर है या कॉमेडी? रिलीज भूल जाइए."

"सर, एक ट्रायल और. बस एक."

"एक हफ्ता. फिर डब्बा बंद."

आमचा सिनेमा रिमेक होता. मूळ गोष्ट कुठल्याशा थंड मुलखातली. डोंगरावरचा बंगला, एकटी बाई, हातात मेणबत्ती. आम्ही शॉटमागून शॉट तसाच उचलला. बंगल्याऐवजी एक रिकामी कचेरी घेतली. आमच्या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले तेव्हा ती कचेरी नव्या जिल्ह्याला गेली आणि निजामाच्या काळातली जाड भिंतींची इमारत मागे उरली. आमच्याकडे लाइट गेली की माणूस मोबाइलची बॅटरी लावतो. आमची नायिका मात्र मेणबत्ती शोधत फिरते. तेव्हा हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

वैशाली टॉकीजच्या पायरीवर बसून रडत होती. भाजी विकणारी कमलबाई सिनेमा बघून बाहेर पडली, ती तिच्यापाशी थांबली.

"पोरी, तू इकडचीच ना? मंग ते बाई बंद घरात मुक्यानं काऊन घुसून राह्यली? कडी वाजवली नाई, आवाज देला नाई. आत साप राह्यते, इच्चू राह्यते. असल्या येड्या बाईले भूत धरते त आमाले काऊन भेव वाटन?"

मी खाली मान घातली. आमच्या गावांत बंद घर उघडताना आधी कडी दोनदा वाजवतात, आवाज देतात आणि मग पाऊल टाकतात. आत जे काही असेल त्याने बाजूला व्हावं म्हणून. माझी आई चार दिवसांनी माहेराहून परतली तरी हेच करायची. वैशालीच्या घरीही तेच. तरी दुसऱ्याची नक्कल करण्याच्या नादात दोघं घरचं विसरलो. मला खरंच लाज वाटली.

स्टुडिओत नायिकेकडून हाक डब करून घेतली. "आली वो, आली!" पण कडी जमेना. चार कड्या वाजवून पाहिल्या, सगळ्या डब्याच्या झाकणासारख्या वाजल्या. मग एकदम गंगारामदादा आठवला.

गंगारामदादा त्या कचेरीचा अटेंडर, म्हणजे शिपाई. कचेरी गेली आणि चाव्या सांभाळायला तो मागे राहिला. शूटिंगला रोज सकाळी दार तोच उघडायचा. माझी रेकॉर्डिंगची मशीन तेव्हा तपासणीसाठी चालू असायची. ते सगळे तुकडे मी 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकले होते. नशीब, पुसले नव्हते.

हेडफोन लावले. कडी दोनदा वाजली. "आलो गा, आलो!" आणि मग रिकाम्या खोलीची शांतता. आमच्या धंद्यात तिला रूम टोन म्हणतात, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी ऐकू येते. दादा एकदा चहा पिताना म्हणाला होता, "सायबलोक गेले, खुर्च्या गेल्या. आता आवाज देतो त आतून कोनी बोलत नाई." तेव्हा मी नुसता हसलो होतो. आता ती हाक मी तीनदा मागे नेऊन ऐकली.

आतून घेतलेला बंद दाराचा एक शॉट होता. त्यावर दादाची कडी बसवली, मग नायिकेची हाक.

"आता म्युझिक?" वैशालीने विचारलं.

"काहीच नको."

दहा सेकंद फक्त त्या खोलीची शांतता ठेवली. मग तीच कडी, दोनदा. या वेळी आतून.

दुसऱ्या ट्रायलला कमलबाई माझ्या पुढच्याच रांगेत होती. नायिकेने आवाज दिला तशी ती मोठ्याने म्हणाली, "हां, आता कसं!" लोक हसले. मग ती शांतता आली. आतून कडी वाजली आणि कमलबाईने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. टॉकीजमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. निर्माते पडद्याकडे नाही, लोकांकडे बघत होते.

"रिलीज करेंगे," ते म्हणाले. वैशाली पुन्हा रडली.

मेणबत्ती तशीच राहिली, रिशूट कोण करणार? लोक तिथे आजही हसतात. सिनेमा आमच्या पट्ट्यात बरा चालला आणि वैशालीला दुसरा मिळाला.

पुढे त्या इमारतीत नवी कचेरी आली. सिनेमाच्या टायटलमध्ये आम्ही दादाचं नाव टाकलं होतं, ते मोबाइलवर दाखवायला मी त्याच्याकडे गेलो. दार उघडंच होतं, तरी त्याने सवयीने कडी वाजवली. "आलो गा, आलो!"

"या ना दादा," आतून क्लार्कबाई म्हणाल्या.

दादाने माझ्याकडे असं बघितलं की मोबाइल दाखवायचा मी विसरलोच.

बाईंचं ते उत्तरही टिपलं नाही, मशीन घरी होती. आता ती पिशवीतच असते, आणि 'कचरा' फोल्डरचं नाव मी बदललं आहे.