हरकत नसलेली माणसं

आमच्या इमारतीत चोवीस घरं आहेत. बायकोच्या प्रबंधासाठी वर्षभर सोसायटी अध्यक्षाविना चालवून बघायची, असं सभेत ठरलं. ब्लॉकचेनवरच्या संस्थांचा कारभार हा तिचा विषय. अशा संस्थेत सही करणारा कुणी नसतो. नियम आधीच प्रोग्रॅममध्ये घातलेले असतात. सभासद मोबाईलवर मत देतात, पुरेशी मतं पडली की ठराव आपोआप मंजूर होतो. आमच्याकडे घरटी एक मत, मंजुरीला सोळा मतं लागणार होती. सगळ्यांत जास्त आनंद मावळत्या अध्यक्षांना झाला. "सुटलो बाबा," म्हणाले. "आता शिव्या मोबाईलला द्या."

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे तिचे आकडे तपासायचं काम माझ्याकडे. एक अट आम्ही दोघांनी मान्य केली होती. मत द्या, असं आमच्या घरातून कुणीही कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की ते आकडे आपले होतात, लोकांचे राहत नाहीत.

उन्हाळ्यात लिफ्टची मोटर जळली. चौथ्या मजल्यावर एसटीतले निवृत्त ड्रायव्हर राहायचे, मूळचे शेवगावकडचे. सगळे त्यांना मामा म्हणत. आठवड्यातून तीनदा त्यांचं डायलिसिस असे. दुरुस्तीचा ठराव मामींनीच मांडला. बाजूने नऊ मतं पडली, विरोधात एकही नाही. मुदत संपली, ठराव पडला. पुन्हा मांडला, तेव्हा सात.

मधल्या काळात मामांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणत. धरायला माणसं कधी कमी पडली नाहीत. मीही असायचो.

"डबल बेल द्या की," मामा म्हणायचे. "चार ड्रायव्हर आन् एक पॅसिंजर, आशी गाडी म्या जल्मात न्हाई पाह्यली."

एकदा दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर, लई जड हुतंय का?"

"नाही मामा."

"घामानं भिजलाय तुमी."

त्यानंतर ते खाडे करू लागले. आज बरं वाटतंय, न्हाई जात, म्हणायचे. मग तर खुर्चीत बसायलाच नकार दिला. "लिफ्ट झाली की जातो."

मामींनी तिसऱ्यांदा ठराव मांडला, त्या सकाळी बायकोने चपला घातल्या.

"कुठे?"

"दारोदार."

"अगं, प्रबंधातलं अख्खं प्रकरण बाद होईल."

"होऊ दे. तुम्हीही चला."

दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी रोज खुर्चीचा पुढचा पाय धरायचा. तो चकितच झाला. "वहिनी, माझी हरकत नव्हतीच की! असती तर बटण दाबलं असतं ना."

हेच उत्तर आम्हाला बहुतेक दारांत मिळालं. आमच्या सभेत वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. अध्यक्ष ठराव वाचायचे, कुणाची हरकत आहे का विचारायचे, सगळे गप्प बसायचे, सर्वानुमते मंजूर व्हायचं आणि चहा यायचा. मंजुरीसाठी हात वर केलेला मी तरी पाहिला नव्हता. प्रोग्रॅमला गप्प बसलेला माणूस हरकत नसलेला आहे की घरातच नाही, हे कळत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत अठरा मतं झाली. मोटर पुण्याहून यायची होती. ती यायच्या आत एका सकाळी मामांना धाप लागली. अंगात पाणी साठलं होतं. रुग्णवाहिका येईपर्यंत सगळं संपलं. त्याच जिन्यावरून त्यांना खाली आणलं. तेव्हाही धरायला माणसं कमी पडली नाहीत.

बायकोने ते प्रकरण प्रबंधातून काढलं नाही. आम्ही दारोदार गेलो हेही त्यात लिहिलं. पहिल्या ठरावाच्या तक्त्यात बाजूने नऊ, विरोधात शून्य असंच आहे. त्या नऊ मतांत एक मामांचं होतं.

पुढचा ठराव टाकी साफ करण्याचा होता. मामी मोबाईल घेऊन आल्या. "मास्तर, ह्यांच्या नावानं आलंय. काय दाबू?"

सभासद वारला तर काय, हे नियमात घालायचं राहून गेलं होतं. मी म्हणालो, "काही दाबू नका, मामी."

त्या मान हलवून गप्प बसल्या.