ओर्मादला मरताना कोणी पाहिलं

इंग्लंडातल्या हकनॉल गावी चर्चमागच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी एक वाजता विश्व सुरू होतं आणि सहाच्या ठोक्याला बंद होतं, कारण सहाला तिथे बायकांचा झुंबा असतो. मधल्या पाच तासांत ग्रह जळतात, साम्राज्यं बुडतात, चंद्राचे तुकडे होतात. हे सगळं टेबलावर, बोटभर उंचीच्या रंगवलेल्या सैनिकांनिशी आणि मूठभर फाशांच्या जोरावर. खेळाचं नाव 'विझते सूर्य'. खेळणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाचे केस. आणि या विश्वात कोण मेलं, कोण जिवंत आहे, हे सांगायचा अधिकार एकाच माणसाचा: एडविन ओटवेल, वय एकाहत्तर, निवृत्त बस ड्रायव्हर.

हा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता. त्याने तो घेतला होता आणि अठ्ठावीस वर्षं कुणाची काढून घ्यायची छाती झाली नव्हती.

गोष्ट अशी की या खेळात तेरा 'ताराजात' आहेत. आई राणी, बाप तारा, म्हणून अर्धे देव आणि अर्धी माणसं. एकेकाच्या मागे एकेक फौज. खेळ काढणारी कंपनी दर वर्षा-दोन वर्षांनी पुस्तकं छापते आणि त्यांत या तेरा जणांचं बरंवाईट होत राहतं. लिहिणारे बदलतात आणि नवा लिहिणारा जुन्याचं वाचतोच असं नाही. एकाने सेल्विरा नावाच्या बहिणीला विष घालून मारली, दुसऱ्याने पुढच्या पुस्तकात तिला जेवायला बसवली. एक भाऊ गुहेत झोपायला गेला आणि दार आतून लागलं ते लागलंच. एक समुद्रात चालत गेला, आणि तो ग्रह पाहावा तर तिथे पाण्याचा थेंब नाही. अशा गोंधळात कुणीतरी ठाम माणूस लागतो, आणि एडविनइतका ठाम माणूस नॉटिंगहॅमपर्यंत शोधून सापडला नसता.

त्याच्याकडे जाड हिरव्या पुठ्ठ्याची वही होती. तीन रकाने: मेला, जिवंत, ठाऊक नाही. चौथा रकाना साक्षीदाराचा. नियम एकच होता. ज्याला मरताना कुणीतरी पाहिलं आहे आणि त्या पाहणाऱ्याचं नाव पुस्तकात आहे, तोच मेला. बाकी जे नुसते दिसेनासे झाले ते सगळे 'ठाऊक नाही'. आणि एकदा का मेल्याच्या रकान्यात नाव चढलं की त्या ताराजाताच्या शिशाच्या मूर्तीच्या बैठकीला काळी कड रंगवायची आणि मूर्ती हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवायची. पुन्हा टेबलावर आणायची नाही. कड एडविनच रंगवायचा. तेव्हा सगळे उभे राहायचे, आणि मग खालच्या दुकानात जाऊन गरम चिप्स, मऊ शिजवलेले वाटाणे आणि वर पुदिन्याचा सॉस. दुसऱ्या क्लबांत मेलेले खुशाल खेळतात. हकनॉलला ते चालत नाही, आणि हकनॉलला त्याचा अभिमान आहे.

कपाटात सहा मूर्ती होत्या. मधली ओर्मादची.

एप्रिलमधल्या एका शनिवारी नाझिया कपाटासमोर उभी होती. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, क्लबात नवी, आणि नव्या माणसाला शोभत नाही इतकं वाचलेली.

"एडविन, हा मधला कोणी रंगवला? चेहरा बघा ना, आत्ता बोलेल असं वाटतंय."

"कॉलिन थ्रेल. येत नाही आता."

"आणि हा मेला कसा?"

एडविनला असा प्रश्न म्हणजे मेजवानी. तो खुर्चीत सरळ बसला. "कार्नच्या पुलावर. खालचा चंद्र पेटलेला, माणसं पळतायत, आणि हा एकटा पूल धरून उभा. शेवटचं जहाज सुटलं तेव्हा पूल तुटला आणि ओर्माद ताऱ्याच्या तोंडात पडला. साक्षीदार हेस्क, त्या जहाजाची एकडोळी सारंगीण. निळं पुस्तक, पान एकशे बारा."

"हेस्क? ती तर आधीच मेली होती ना?"

"कुठे मेली होती?"

"जुन्या तांबड्या पुस्तिकेत. तिला पुरतात, तिच्या कुत्र्यासकट. पुलाच्या लढाईच्या अकरा वर्षं आधी."

"दुसरी हेस्क असेल."

"एकडोळी? त्याच जहाजाची?" नाझिया चहाचा घोट घेत म्हणाली. "असेल बाई. तुम्ही म्हणताय तर असेल."

तिच्या मनात काही नव्हतं, पण एडविनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवशी तो दोन डाव हरला आणि वाटाणे न खाता घरी गेला.

तांबडी पुस्तिका माळ्यावरच्या खोक्यात होती. रविवारी सकाळी त्याने ती काढली. पान नऊ. हेस्क, एक डोळा, तेच जहाज, कुत्रा, खड्डा, वर्ष. हातच्या काकणाला आरसा कशाला? एडविन शिडीच्या खालच्या पायरीवर तसाच बसून राहिला. त्याने एका अर्धदेवाला मेलेल्या बाईच्या साक्षीवर मारलं होतं.

इथे एखादा म्हणेल, एवढंच ना? खेळातला शिशाचा पुतळा तो. पण त्या पुतळ्यापायी एडविनचा एकुलता एक मित्र गेला होता.

कॉलिन थ्रेल खाणीत होता, तोही साधा नव्हे, सुटकेच्या तुकडीतला. खाली छत कोसळलं की वर येणाऱ्यांच्या उलट दिशेने जाणारी ही माणसं. खाण बंद झाली त्या हिवाळ्यात हाताला काम नाही म्हणून त्याने ओर्माद रंगवायला घेतला. चार महिने लागले. डोळ्यांना त्याने मांजराच्या मिशीचा केस वापरला होता, आणि मांजराला ते अजिबात आवडलं नव्हतं. साक्षीदाराचा नियमही मुळात त्याचाच. क्लबाच्या पहिल्या वर्षी तो म्हणाला होता, "आमच्यात जो वर आला नाही तो मेला, असं कुणी म्हणत नाही. प्रेताला हात लागेपर्यंत म्हणायचं, ठाऊक नाही." एडविनला ते इतकं पटलं की त्याने वहीच केली, आणि हळूहळू नियम कुणाचा हे विसरूनही गेला.

एकोणीस वर्षांपूर्वी निळं पुस्तक आलं. एडविनने नाव मेल्याच्या रकान्यात चढवलं. कॉलिन म्हणाला, "पडताना पाहिलंय तिने. मरताना नाही. थांब जरा." एडविन म्हणाला, ताऱ्यात पडलेला माणूस काय पोहून बाहेर येतो का? सगळे हसले. कॉलिन हसला नाही. एडविनने ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि कॉलिनच्या डोळ्यांदेखत त्याच्या ओर्मादला कड ओढली. कॉलिनने कोट घातला, मूर्ती तिथेच सोडली आणि निघून गेला.

त्यानंतर चौदा वर्षं एडविनने नॉटिंगहॅमची बस हाकली ती कॉलिनच्या दारावरून. कॉलिन थांब्यावर असायचा. एडविनची बस आली की तो हात करत नसे, भिंतीवरची जाहिरात वाचत उभा राहायचा आणि मागची बस पकडायचा. भर पावसातसुद्धा. एडविनही दार उघडून कधी "चल, बस" म्हणाला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे दोन सुंभ होते.

"काय झालं रे?" त्याची बायको ग्वेन बटाटे सोलता सोलता म्हणाली. "कोण मेलं?"

"कुणी नाही. तीच तर भानगड आहे." त्याने सगळं सांगितलं.

ग्वेनला ताराजातांची नावं इतक्या वर्षांत पाठ झाली नव्हती, पण कॉलिनचं नाव तिला नीट आठवत होतं. "मग जा आणि सांग त्याला."

"आधी शनिवारी क्लबात मांडतो. रीतसर."

"क्लबात कशाला? टाळ्या घ्यायला? कड त्याच्यासमोर ओढलीस ना? मग चूकही त्याच्यासमोरच कबूल कर."

"तो दार नाही उघडायचा."

"नाही उघडलं तर परत ये. बटाटे होतायत."

एडविनला भीती वाटली. उगाच शब्द फिरवण्यात अर्थ नाही, त्याला सरळ सरळ भीती वाटली. अठ्ठावीस वर्षांत त्या वहीत एक खाडाखोड नव्हती. लोक त्याच्याकडे यायचे ते त्याचं चुकत नाही म्हणून. उद्या तेच म्हणतील, अरे, मग बाकीच्या पाच जणांचं काय? आणि कॉलिन चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्याने दार आपटून लावलं तर पुन्हा वाजवायला किती वर्षं उरली होती? पण मेलेल्या बाईच्या साक्षीवर वही बंद ठेवणं त्याला जमणारं नव्हतं. खोटं लिहिणारा तो नव्हता, फक्त हट्टी होता. त्याने हॉलची किल्ली घेतली, ओर्मादला कपाटातून काढून स्वच्छ हातरुमालात गुंडाळलं, वही काखेत मारली आणि बसने निघाला. प्रवासी म्हणून.

दार कॉलिनने स्वतः उघडलं. वाळला होता. हातात काठी, अंगात तोच करडा स्वेटर, निदान तसलाच.

"तू," तो म्हणाला.

"हेस्क आधीच मेली होती," एडविन म्हणाला. बसमध्ये त्याने चांगली सुरुवात जुळवली होती, ती गेली कुठल्या कुठे. "तांबडी पुस्तिका, पान नऊ. माझं चुकलं."

कॉलिनने काठी दाराला टेकवली. "कुत्र्यासकट पुरतात," तो म्हणाला.

"तुला ठाऊक होतं?"

"तीन आठवड्यांत सापडलं मला."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू सगळं वाचतोस ना? म्हटलं, सापडेल आपलं आपण. एवढा वेळ लागेल असं वाटलं नव्हतं. आत ये, थंडी घुसतेय."

स्वयंपाकघरात कॉलिनने किटली ठेवली. एडविनने रुमाल सोडला आणि ओर्मादला टेबलावर उभं केलं. एकोणीस वर्षं काचेमागे असल्यामुळे रंग जसाच्या तसा होता. कॉलिनने चष्मा लावून मूर्ती उचलली. त्याचा हात थरथरत होता. आता डोळे रंगवणं त्याला जमलं नसतं.

"कड मी काढतो," एडविन म्हणाला. "सावकाश, कापसाने. खालच्या रंगाला धक्का लागणार नाही."

"राहू दे."

"पण ती मेल्याची खूण आहे."

"मेला म्हटलं होतं, आणि परत आला. ते लोकांना दिसलं पाहिजे. खाली अडकलेला वर आला की आम्ही काय लगेच आंघोळ घालायचो त्याला? आधी मिठी मारायचो." त्याने चहा ओतला आणि मूर्ती बशीशेजारी ठेवली. "वही आण इकडे."

एडविनने वही उघडली, ओर्मादचं नाव असलेलं पान काढलं आणि पेनचं टोपण उघडून थांबला. मग त्याने मेल्याच्या रकान्यातल्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि 'ठाऊक नाही' खाली ते पुन्हा लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

कॉलिन पानं उलटत होता. शेवटी क्लबाच्या सभासदांची यादी होती, तीही तशाच रकान्यांत: वारले, येतात, ठाऊक नाही, आणि चौथा साक्षीदाराचा. ग्वेन या यादीला वर्षानुवर्षं हसत आली होती. तिसऱ्या रकान्यात एकच नाव होतं. एकोणीस वर्षांपूर्वीची शाई, कॉलिन थ्रेल.

"ठाऊक नाही?" कॉलिन म्हणाला. "अरे, रोज माझ्या दारावरून बस न्यायचास."

"न्यायचो."

"दिसायचो मी तुला."

"आरशात. पुढचं वळण येईपर्यंत."

"मग?"

एडविनने चहाकडे पाहिलं. साखर घातली होती की नाही हेही त्याला आठवेना. "येत नाही असं लिहिलं असतं तर नाव कापावं लागलं असतं," तो म्हणाला. "ते माझ्याच्याने होईना."

कॉलिनने नाक पुसलं, मग चष्मा पुसला, आणि मग वही एडविनकडे सरकवली.

"लिही. 'येतात'मध्ये. शनिवारी एकला ना अजून?"

"एकला. सहाला झुंबा असतो."

"आणि तो चौथा रकाना रिकामा ठेवू नकोस. साक्षीदार म्हणून तुझी सही कर."

अठ्ठावीस वर्षांत त्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. त्या रविवारी कॉलिनच्या स्वयंपाकघरात दोन झाल्या. दुसरी करताना एडविनचा हात जराही हलला नाही.