बिनतिटीचा फोटो

"धरा त्येका. तो डबो सोडू नकात, डब्यात आमची पोरां आसत."

लालबागच्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरून तानूमावशी ओरडत होत्या. त्या आवाजाने माटुंग्यापर्यंतच्या ट्रामी थांबल्या असाव्यात. खाली अंगणात मी, गळ्यात कॅमेऱ्याचा डबा आणि भोवती चाळीसेक बायका. चारच होत्या असं कोणी सांगेल. त्याला मोजायची उसंत असेल, मला नव्हती.

वेंगुर्ल्याहून बोटीने निघालो होतो तो आमच्या शेजारच्या भागीकाकीसाठी. तिचा मुलगा आणि सून इथल्या गिरणीत. नातू दिनू पाच वर्षांचा झाला, पण काकीने त्याचं तोंड पाहिलेलं नाही. आणि तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने अधू होत चाललेले. "दिसता तवसर एकदा दाखव" (दिसतंय तोवर) एवढंच म्हणाली. मी मास्तरांचा कॅमेरा मागून आणला. रिळात आठ फोटो.

बोटीने इतकं हिंदकळवलं की भाऊच्या धक्क्याआधीच तीन फोटो आभाळाचे निघाले. गिरगावातल्या खानावळीत बांगड्याचं तिखलं (झणझणीत रस्सा) खाल्लं; डोळ्यांतल्या पाण्याने वाटी पुन्हा भरली आणि त्या भरात दोन फोटो माझ्याच अंगठ्याचे झाले. परळला 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत मोर्चा आला. त्याने मला उचललं ते थेट लालबागला आणून ठेवलं. पाय जमिनीला लागले असतील तर शपथ. सहाव्या फोटोत कोणाचीतरी टोपी आली.

चाळीत पोचलो तर दिनूचे आईबाप पाळीवर गेलेले. अंगणात अकरा पोरं झेंडा घेऊन मोर्चा-मोर्चा खेळत होती. यातलाच एक दिनू असणार, नाव मागाहून विचारू, म्हणून सगळ्यांचा सातवा फोटो काढला. तिथेच वरून ओरडा झाला.

मावशी खाली आल्या. जिना अजून हलत असेल.

"पोलिसांचो माणूस तू. पोरांची तोंडां बघून त्यांच्या बापांका धरतले. उघड तो डबो."

मोर्चाला गेलेली माणसं तेव्हा घरातून उचलून नेत, त्यामुळे त्यांचा संशय वावगा नव्हता. पण डबा उघडला की उजेड आत शिरणार, रीळ जाणार. आणि नवं रीळ मिळवून मी परत येईपर्यंत काकीचे डोळे काही थांबणार नव्हते.

"मावशी, मला दिनूच्या आजीने पाठवलंय. भागीकाकीने."

मावशी त्याच गावच्या निघाल्या. त्यांनी तिथेच परीक्षा मांडली.

"तिच्या दारात काय आसा, सांग."

"वाकडा फणस. त्याखाली म्हैस."

"म्हस कशी?"

"मारकी."

"कोणाक मारता?"

"सगळ्यांना. मला दोनदा."

बायका हसल्या. म्हशीच्या आईने मावशींनाही लग्नाआधी मारलं होतं म्हणे. मी सुटलो असं वाटलं, तोच मावशींचा चेहरा उतरला.

"म्हणजे फोटो खरोच काढलस?"

"काढला की."

"तीट लावल्याशिवाय?"

पोलिसांचा माणूस असतो तर चार शिव्यांवर भागलं असतं. आता मात्र खोल्याखोल्यांतून काजळाच्या डब्या धावत आल्या. मावशी डावखुऱ्या, त्यांनी अकराही पोरांच्या उजव्या गालावर रुपयाएवढी तीट ठोकली. नजर उलटून माझ्यावरच येईल म्हणून बाराव्या गालाचा मान मला दिला. मग दिनूला, पुढचे दोन दात पडलेल्याला, झेंडा देऊन मधोमध उभा केला, आणि मी श्वास रोखून आठवा, शेवटचा फोटो काढला.

गावी आल्यावर सगळे विचारतात, मुंबई कशी आहे. मी बोटीचं सांगतो, तिखल्याचं सांगतो. पण मला खरी आठवते ती पोरांना चारी बाजूंनी झाकून उभी राहिलेली ती चाळ.

धुऊन आलेला फोटो काकीने अंगणातल्या उन्हात नाकाशी धरला. बराच वेळ. मग दिनूच्या गालावर हलकेच बोट ठेवलं.

"दिसला ना गे?" मी विचारलं.

"तीट डाव्या गालार लावतत," काकी म्हणाली. "सुनेक सांग."