जर्मीनामावशीची सात मुलं

जर्मीनामावशीला मी पहिल्यांदा पाहिलं ते वर्गाच्या खिडकीत. डोक्याला पांढरं फडकं, बोटं भेंडीनं चिकट झालेली. मी शाळेत नवी होते, पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला देत होते. ती बाहेरूनच म्हणाली, "बाई, सात मुलं द्या. पोटभर खाणारी द्या. मागच्या वर्षी एक मेला नुसत्या लाह्या फुंकत बसला होता."

सगळा वर्ग हात वर करून उभा राहिला.

सप्टेंबरची सत्तावीस तारीख होती ती. कॉस्मे आणि दामियांव या जुळ्या संतांचा दिवस. इथल्या लोकांच्या पणज्यांनी आफ्रिकेतून आणलेले जुळे बाळदेवही त्याच दिवशी जेवतात. जर्मीनामावशीच्या घरी संतांना आणि बाळदेवांना मिळून देवघराची एकच फळी होती.

तिला स्वतःला जुळं झालं होतं. मुलगा चौथ्या दिवशी गेला. मुलगी, दामियाना, तीही निळी पडायला लागली तेव्हा मावशीनं नवस केला: ही जगेल तोवर दरवर्षी सात मुलं बसवीन. बसवायची म्हणजे चटईवर, मधल्या लाकडी परातीभोवती. परातीत भेंडी, सोडे आणि ताडाचं तेल घालून रटरटवलेली भाजी, वर लाह्या. मुलांनी हातानं खायचं, आणि त्यांचं होईपर्यंत मोठ्यांनी घासही उचलायचा नाही.

तीस वर्षं मी तिला सात मुलं दिली. मग निवृत्त झाले. परगावचे नवे मुख्याध्यापक आले, आणि मावशीनं त्यांनाही नेहमीसारखंच विचारलं, "सर, देवांपुढे सात मुलं बसवायचीत. द्याल ना?"

त्यांनी दार लावून घेतलं आणि पालकसभा बोलावली. मीही जाऊन बसले. सभेत 'करणी' हा शब्द पहिल्या पाच मिनिटांतच निघाला.

"भाजीच आहे तर सातच कशाला?" एकानं विचारलं. "आठवं पोर आलं तर देव उपाशी राहतात की काय?" लोक हसले.

मागच्या बाकावर रोझेनिल्दा होती. मी धाडलेल्या पहिल्या सातांतली.

"तू तर जेवली आहेस तिथं," मी म्हणाले. "काय झालं तुला?"

"तेव्हा कुठं कळत होतं, बाई? आणि झालं नाही कसं? नवरा सोडून गेला ना!"

मी उभी राहिले. मावशीला वाचवायचं एवढंच डोक्यात होतं. म्हणाले, "अहो, देवबिव काही नाही त्यात. तिला स्वयंपाकाची हौस आहे, पोरांना जेवू घालते, इतकंच."

मावशी दारात उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "तीस वर्षं काय समजून मुलं धाडत होतात, बाई?"

"मी तुझ्याच बाजूनं बोलले गं."

"ते मला करणीवाली म्हणाले, त्याचं काही नाही. त्याची सवय आहे. तुम्ही तर माझे देवच काढून टाकलेत. ते पोरांच्या तोंडानं जेवतात, बाई. ते उपाशी राहिले तर माझ्या दामियानाकडे कोण बघणार?"

तीस वर्षं मी ते अन्नदान समजत होते, आणि त्याबद्दल मनातल्या मनात तिला चांगले गुणही देत होते.

त्या वर्षी तिनं चटई अंथरली, परात मांडली. कोणी आलं नाही. रोझेनिल्दाची धाकटी वासानं कुंपणापर्यंत आली, पण आईनं तिला दंडाला धरून नेलं. दुपार कलली तशी भाजीवर तेलाचा केशरी थर धरला.

"मी बसू का?" मी विचारलं.

"तुम्ही मोठ्या आहात, बाई," ती म्हणाली. मग तिनं परातीवर फडकं टाकलं.

दामियाना आता साल्वादोर शहरात धुलाईच्या कारखान्यात काम करते. मावशी तिला रोज सकाळी फोन लावते, पलीकडून "हॅलो आई" ऐकू आलं की ठेवून देते. सप्टेंबरात परात घेऊन होडीनं नदीपलीकडे भाचीच्या गावी जाते. गेल्या वर्षी तिला पाच मुलं मिळाली.