डोंग्यातला पंप

जळालेली मोटार दारात आली की खूश होणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे श्रावण. आर्णीत माझ्या शिलाईच्या दुकानाला लागूनच त्याचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे विहिरीवरच्या पंपांच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान. पण कापसानं सगळ्यांना तोंडघशी पाडलं त्या वर्षांत लोक मोटारी दुरुस्तीला आणीनात. बिघडली तर बिघडली, विहिरीतच राहू दे, असं चाललं होतं. श्रावण रिकामा बसायचा, आणि रिकामा बसला की त्याला बाई आठवायची.

बाई म्हणजे त्याची थोरली बहीण, इंदूबाई. आई लवकर गेली, तेव्हा हा तिच्याच कडेवर वाढला. तिचं लग्न गावातल्या गावातच झालं. मग धरण आलं आणि ते गावच पाण्याखाली गेलं. श्रावण आर्णीला आला, ती धरणापलीकडच्या नव्या वस्तीत गेली. दर भाऊबीजेला हा तिच्याकडे जायचा, पण ती कधी इकडे आली नाही. एसटीत बसली की तिला ओकाऱ्या व्हायच्या, आणि रस्त्यानं यायचं तर सगळ्या धरणाला वळसा. दिवाळीत गल्लीतल्या लेकी पिशव्या सांभाळत माहेरी उतरू लागल्या की श्रावण दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्यायचा.

"बाईले एकदा माहेर करायचं हाय," तो म्हणायचा. "घर बुडालं म्हनून माहेर बी बुडालं का?"

मी आपला मशीन चालवत राहायचो.

जवळचा रस्ता एकच होता, पाण्यावरचा. भीमसिंग मासेमारीचा डोंगा चालवायचा आणि बाईला आणायला तयारही होता. पण डोंगा म्हातारा आणि पाझरणारा. तळाशी घोट्याएवढं पाणी कायम. एका हातानं डब्यानं उपसायचं, दुसऱ्या हातानं वल्हं धरायचं, असा त्याचा कारभार. बाईनं तो पाहिला आणि साफ नाही म्हटलं.

"पायाखाली पानी चढतांना मी एकदा पाह्यलं, श्रावन. चुलीपर्यंत आलतं. आता पुन्हा नाही पाहनार."

गाव उठलं तेव्हा सगळ्यांत शेवटी घर सोडणारी तीच होती. त्यामुळे तिला भित्री म्हणायची कोणाची टाप नव्हती.

"मंग डोंग्यात पानीच राहू देत नाही," श्रावण म्हणाला.

मुंबईकडे कापसाच्या गाठी नेणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून त्यानं होड्यांत बसवतात तो छोटा पंप मागवला. बॅटरीवर चालणारा, तांब्याएवढा. डोंग्याच्या तळाची सगळ्यांत खोल जागा शोधून तो पट्टीनं आवळला. शेजारी फ्लोट बसवला, म्हणजे पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणारा स्विच. बॅटरी उंच फळीवर, तिच्याजवळ फ्यूज आणि हातानं बंद करायला एक खटका. वायरीचे जोड पाण्याच्या वर ठेवून झाळले आणि त्यांवर मोटारीच्या कॉइलला लावतात ते वार्निश चढवलं. एवढी निगुती त्यानं स्वतःच्या लग्नातही दाखवली नसेल. मग पाण्याचा पाइप बाहेर काढायला डोंग्याच्या कुशीत, पाण्याच्या जरासं वर, भोक पाडलं.

"भोकं बुजवाची सोडून नवीन काहून पाडून राह्यला भाऊ?" भीमसिंगनं काकुळतीला येऊन विचारलं.

"पानी जितकं कमी उचलावं लागन, तितकी मोटार सुखी," श्रावण म्हणाला. आमच्याकडे शेतात सगळे असंच करतात. रिकाम्या डोंग्यात पंप झकास चालला.

दिवाळी आली. दारात बाईच्या पायांवर घालायला श्रावणच्या बायकोनं पाण्याचा तांब्या भरून ठेवला, आणि आम्ही पलीकडे गेलो. येताना डोंग्यात बाई बसली, तिचं गाठोडं, तुरीचं पोतं, दोन कोंबड्या, आणि मी. माझी तब्येत बघता मीच दुसरं पोतं. डोंगा खाली बसला आणि ते भोकही पाण्याखाली गेलं. पंप पाणी बाहेर टाकून थांबला, की त्याच पाइपानं धरण आत यायचं. पुन्हा पंप सुरू, पुन्हा पाणी आत. काठ अजून हाताशी होता. बाईनं पायांकडे पाहिलं.

"मले उतरव," ती म्हणाली. रागानं नाही, म्हणून जास्त लागलं.

तिला काठावर सोडून आम्ही परतलो. घरी तांब्या तसाच भरलेला होता. त्याच्या बायकोनं तो तुळशीला ओतला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डोंग्यात शिरला. विहीर जागची हलत नाही, डोंगा भरला की बसतो, एवढं त्याला आता कळलं होतं. जुनं भोक खुंटी ठोकून डांबरानं बुजवलं. पाइप डोंग्याच्या काठापर्यंत वर नेला, तिथून वाकवून बाहेर सोडला. मग मला आणि दगडांना बसवून तपासलं. दगड तरी उतरवताना कुरकुरले नाहीत.

दिवाळी सरत आली होती, तेव्हा आम्ही पुन्हा पलीकडे गेलो. बाईनं या खेपेला आधी मला बसवलं, पोतं ठेवायला लावलं, आणि काठावर उभी राहून कितीतरी वेळ डोंग्याच्या तळाकडे बघत राहिली. मग बसली. पंप गुणगुणला, पाणी लांब जाऊन पडलं, तळाची लाकडं दिसू लागली. श्रावण पाण्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होता.

मध्यावर भीमसिंगनं वल्हं थांबवलं. "बाई, तुमचं गाव इथंच होतं."

खाली नुसतं हिरवं पाणी. पाझरून थोडं पाणी पुन्हा तळाशी जमलं आणि पंप सुरू झाला.

"ते बंद कर," बाई म्हणाली.

"बाई, पानी चढन."

"चढू दे थोडं." तिनं चपला काढून पोत्यावर ठेवल्या आणि पाय खाली सोडले. "लेक माहेरी आली का दारात पायावर पानी घालतेत, श्रावन. घालू दे."

श्रावणनं खटका बंद केला.