वसुधाताईची चॅनेलांची यादी

फोन वसुधाताईच्या शेजारच्या काशीबाईंचा होता. "तुमी लवकर या. ताईला टेंपोनं उडवलं..." शुद्धीवर आहे का, मी विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "नाय ओ." मी दहिवलीहून लोधिवलीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ताई जुन्या हायवेच्या कडेनं चालत होती. टेंपोवाला मागून हॉर्न देत होता म्हणे, पण तिला तो ऐकू येणं शक्यच नव्हतं.

वसुधाताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. कॉलेजात गणित शिकवायची. तिशीत टीबी झाला. इंजेक्शनांनी ती वाचली, पण त्यांच्यामुळेच दोन्ही कान गेले. नोकरी सुटली, मग माणसंही सुटत गेली. लोक आधी तिच्याशी मोठ्यानं बोलत, मग हातवारे करत, मग तिला वगळून माझ्याशीच बोलू लागले... तिच्यासमोर, "हिला चहा चालेल का?" असं. आणि मीही उत्तर देत असे, हे आज लिहायलाच हवं.

कुणीही फुकट वापरावीत, उघडून दुरुस्त करावीत अशी सॉफ्टवेअरं जगभरची माणसं मिळून बनवतात. त्यांचं बोलणं इंटरनेटवरच्या चॅनेलांवर, टाइप करून चालतं. ताई तिथे पोचली. सुरुवातीला एका चॅनेलवर तिनं काहीतरी अडलेलं विचारलं आणि तीन दिवस उत्तराची वाट बघितली. ते चॅनेल केव्हाच ओस पडलं होतं. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून तिनं यादी करायला घेतली: कुठल्या सॉफ्टवेअरची माणसं कुठे भेटतात, आणि तिथे खरंच कुणी बोलतं का. एकेका चॅनेलवर जाऊन विचारायची, "इथे कुणी आहे का?" दोन दिवस थांबायची. उत्तर आलं तर नोंद ठेवायची, नाहीतर नावापुढे 'रिकामं' लिहायची. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. अशी अकरा वर्षं.

मला ते खूळ वाटायचं. शेवटच्या भेटीत मी कागदावर लिहिलं, "दिवसभर खोलीत बसून काय मिळतं तुला? रोज तासभर तरी बाहेर पड." तिनं वाचलं, "बरं," म्हणाली. भांडली असती तर... दुसऱ्या दिवसापासून ती फिरायला जाऊ लागली. अपघात झाला तो पाचवा दिवस.

तेराव्यानंतर मी तिचा लॅपटॉप उघडला. यादीतल्या चुका कळवायला लोक जिथे येत, त्या चॅनेलवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, मी तिची बहीण, ती अपघातात गेली. मग एकानं विचारलं, कसा अपघात? मी लिहिलं, मागून गाडी आली, तिला ऐकू आली नाही. त्यानं विचारलं, "का नाही आली?"

तो तिच्याशी कितीतरी वर्षं जवळजवळ रोज बोलत होता. त्याला माहीतच नव्हतं. तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मी लिहिलं, "रस्त्यावर गोंगाट फार होता."

परवा तिचं घर आवरायला गेले. किल्ली हातात असून सवयीनं बेल दाबली. तिच्या बेलला आवाज नाही. दाबली की आत टेबलावरचा दिवा लागतो. खिडकीच्या काचेतून तो पेटलेला दिसला. बोट काढलं तसा विझला... मग मी कुलूप उघडलं.