टाकीच्या दाराशी

आंबणारी द्राक्षं बोलतात, हे मला मायक्रोबायोलॉजीच्या कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या एका वायनरीत कामाला लागले त्या पहिल्या सकाळी मी एकटीच टाक्यांच्या रांगेतून चालले होते. दोन मजले उंच स्टीलच्या टाक्या, बाहेर धुकं, शेडमध्ये माणूस नाही. तरी चहूबाजूंनी हलकी सळसळ, मध्येच एखादा सुस्कारा. एका टाकीला कान लावला, तर आत कुणीतरी दबक्या आवाजात बोलत होतं. मी घाबरट नाही, उलट घरी मला भांडकुदळ म्हणतात. पण त्या सकाळी मी कान झटकन मागे घेतला.

साल दोन हजार चार. मी जवळच्या विद्यापीठात यीस्टवर एमएस करत होते आणि ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे द्राक्षतोडणीच्या हंगामापुरतं, हे काम धरलं होतं. नागपूरला बाबांना सांगितलं, द्राक्षाच्या रसाची कंपनी आहे. अगदीच खोटं नव्हतं. सुरुवातीला तो रसच असतो. आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते, पंचशील म्हटलं जातं, आणि त्यातलं पाचवं शील नेमकं मद्याबद्दलचं. मी वाइनची चव घेऊन थुंकायचे. थुंकलं की शील शाबूत, असा माझा सोयीस्कर समज. माझी रूममेट पुण्याची. ती म्हणायची, "यार, तू स्वतःलाच काय छान टोपी घालतेस!"

वायनरीत मला सगळं शिकवलं ते काकांनी. ते तरुणपणी मेक्सिकोहून आलेले, साठीला टेकलेले, वेली छाटण्यापासून बाटल्या भरण्यापर्यंत सगळं केलेले. पहिल्याच दिवशी मी सवयीने त्यांना काका म्हटलं आणि सगळी शेड खदाखदा हसली. स्पॅनिशमध्ये तो शब्द लहान बाळाच्या लंगोटातल्या ऐवजासाठी वापरतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमच्याकडे अर्थ काय?" त्यांनी विचारलं.

"वडिलांचा भाऊ."

"मग चालेल," ते म्हणाले. तेव्हापासून ते माझे काका.

लाल वाइनचा रंग रसात नसतो, सालीत असतो, हे त्यांनी मला द्राक्ष चिरडून दाखवलं. म्हणून रस सालींसकट आंबवायचा. साली फुगून वर येतात, त्यांचा जाड थर होतो, तो दिवसातून दोन-तीनदा दांड्याने खाली दाबायचा. मग वाइन ओकच्या पिंपांत. पिंपातूनही ती हळूहळू उडत राहते, तेवढी पुन्हा भरायची. लेबलवर एकाच द्राक्षाचं नाव लिहायचं तर निदान तीन चतुर्थांश वाइन त्याच द्राक्षाची हवी. आणि इतका जीव ओतूनही बहुतेक राज्यांत दुकानदाराला ती सरळ विकता येत नाही, मध्ये वितरक लागतोच. जुन्या दारूबंदीची ही शेपूट अजून वळवळतेय, असं काका हसून सांगायचे.

गॅसबद्दल सांगताना मात्र ते हसत नसत. साखरेची दारू होताना जवळजवळ निम्मी साखर कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाते. हा गॅस दिसत नाही आणि हवेपेक्षा जड असतो, म्हणून खाली साचून राहतो. एकदा त्यांनी मला एका टाकीच्या तोंडाशी नेलं. आत चिलटं घिरट्या घालत होती. एका ठरावीक उंचीपर्यंत ती खाली जात आणि तिथून टपकन पडत. हवेत तिथे रेघ वगैरे काही नव्हती. 

वाइन काढून घेतली की तळाशी ओल्या सालींचा ढीग उरतो. तो काढायला माणूस खालच्या छोट्या दारातून फावडं घेऊन आत जातो. त्याआधी पंखा लावायचा, मीटरने हवा तपासायची आणि दाराशी एकाने उभं राहायचं. तो एक म्हणजे मी.

"बोलत राहा," काकांनी बजावलं होतं. "मी उत्तर दिलं नाही तर ओरड. पण आत येऊ नकोस. मागून आलेलाही मरतो."

मग मी नागपूरच्या उन्हाळ्यापासून आईच्या वडाभातापर्यंत काय वाटेल ते बडबडायचे आणि आतून हुंकार यायचे.

सप्टेंबरमधली एक दुपार. पंखा लावला होता, मीटर ठीक दाखवत होतं, काका दारापाशी ओणवे होऊन आत बघत होते. तेवढ्यात मला लॅबमधून हाक आली, एका टाकीचं साखरेचं माप लगेच हवं होतं. मी हातमोजे काढत म्हटलं, "ओके काका, आय ॲम कमिंग."

मी मनात म्हणाले होते, येते. निघताना जाते म्हणायचं नाही, हे आईने मला बोलायला शिकवलं तेव्हाच शिकवलं. चुकून जाते निघालं तर ती जिन्यातून परत बोलावून येते म्हणायला लावायची. माझ्या लेखी मी निरोप घेतला होता आणि मी परत येईपर्यंत काका थांबणार होते. त्यांना पाठमोरं ऐकू आलं ते एवढंच, की पोरगी येतेय, दाराशी उभी राहील. त्यांनी फावडं उचललं.

मला वीसेक मिनिटं लागली. शेडमध्ये पाऊल टाकलं आणि काहीतरी चुकलंय हे आधी अंगाला कळलं. पंखा बंद होता. पलीकडे द्राक्षं दाबायचं मशीन सुरू करताना त्या बाजूची वीज गेली होती, हे नंतर समजलं. तेव्हा फक्त टाक्यांची कुजबुज ऐकू येत होती.

मी दारातून वाकून पाहिलं. काका समोरच्या भिंतीला टेकून बसले होते, फावडं मांडीवर आडवं. डोळे अर्धे उघडे, नजर थेट माझ्यावर, आणि चेहऱ्यावर बारीकसं हसू. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

मी डोकं आणि एक खांदा आत घातलाच. नाकात सुया टोचल्यासारखं झालं आणि मी मागे कोसळले. मग बेंबीच्या देठापासून ओरडले, "काका! काका!" तो शब्द शेडभर घुमला आणि या वेळी कुणी हसलं नाही. माणसं धावली, वीज आली, पंखा फिरला, पाठीवर सिलिंडर लावलेले बंबवाले आले आणि त्यांनी काकांना बाहेर काढलं. जिवंत. मी तिथेच फरशीवर बसून भोकाड पसरलं.

काका ऑक्टोबरअखेर कामावर परतले. थोडे वाळले होते. डबा उघडून नेहमीसारखी मक्याची अर्धी पोळी त्यांनी माझ्यापुढे केली आणि शांतपणे सांगितलं, "पंखा थांबला ते मला कळलं होतं. डोकं जड झालं, बाहेर पडावं असं वाटलं. मी विचारलं, तू आहेस ना? तू म्हणालीस, आय ॲम कमिंग. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. अगदी जवळून, तुझाच आवाज. म्हणून मी बसून वाट पाहिली."

"काका, मी लॅबमध्ये होते."

"माहीत आहे. सगळ्यांनी सांगितलं."

मी त्यांना येतेचा अर्थ समजावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "चांगली पद्धत आहे," ते म्हणाले.

दुपारी हंगामातली शेवटची टाकी काढायची होती. पंखा लागला, मीटर आत जाऊन आलं. मी दाराशी जाऊन उभी राहिले, तर काकांनी मान हलवली आणि दुसऱ्या एकाला बोलावलं.

"माझ्यावर रागावलात?"

"नाही गं. पण तू बोललीस की ती तू आहेस की ती दुसरी, हे मला आतून ओळखता येणार नाही."

मी बाहेर आवारात गेले आणि काका टाकीतून निघेपर्यंत उन्हात तोंड घट्ट मिटून उभी राहिले.